वणव्याच्या हंगामातले गाव

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. वनखात्याचे पहारे, हंगामी मजूर आणि जाळरेषा यांचे वेळापत्रक या चार महिन्यांभोवती बांधलेले असते. डोंगराकाठच्या गावाचा हंगाम मात्र त्याआधीच सुरू होतो. दिवाळीनंतर माळावरचे गवत पिवळे पडू लागते, संक्रांतीच्या सुमारास साग आणि इतर पानझडी झाडे पाने टाकू लागतात आणि शिमग्यापर्यंत रानात घोटाभर पाचोळा साचतो. या सुक्या गवताचा स्वभाव गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. हवेतला ओलावा घटला की बारीक काडी तासाभरात कोरडी ठणठणीत होते. पहाटे दवाने मऊ पडलेले गवत दुपारी बाराला एका ठिणगीने पेट घेते. म्हणून आगीचे कोणतेही काम करावे की नाही, हे ठरवताना आधी घड्याळ आणि वारा पाहावा. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच ही वेळ सर्वांत वाईट. कोकणात दुपारी समुद्रावरून येणारे वारे आगीला डोंगराच्या दिशेने रेटतात, तर घाटावर तापलेल्या उतारांवरून हवा वर चढत असते. दोन्हीकडे दुपारची आग चढणीला लागते आणि हाताबाहेर जाते.

वीज पडून लागलेले वणवे आपल्याकडे फार थोडे. बांबूवर बांबू घासून रान पेटते असे सर्रास सांगितले जाते, पण आग जिथून सुरू झाली ती जागा नीट शोधली, तर तिथे बहुतेक वेळा एखादी पायवाट, मोहाचे झाड, शेताचा बांध किंवा रस्त्याची कड निघते. आग माणसाच्या हातून लागते. यात गावाला अपमान वाटण्याचे कारण नाही. आग लावण्यामागे बहुधा पोटापाण्याचे एखादे काम असते, आणि ते काम आगीशिवाय कसे करायचे याचे उत्तर सापडले की वणव्याचे निम्मे मूळ उपटले जाते. नुसत्या बंदीच्या पाट्यांनी ते होत नाही.

विदर्भात हे काम मोहफुलांचे असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची पाने पेटवून जागा साफ केली जाते. पेटवणाऱ्याचे काम तासाभरात संपते. आग मात्र पाचोळ्यातून पुढे सरकत राहते आणि दोन दिवसांनी तिसऱ्याच डोंगरावर दिसते. फुले गळू लागण्यापूर्वी झाडाखालचा पाला खराट्याने लोटून तो खताच्या खड्ड्यात न्यावा, हा सर्वांत साधा उपाय. त्याहून चांगला उपाय म्हणजे झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून केलेली चादर अंथरणे अथवा जमिनीपासून थोडी वर बांधणे. फुले मातीला लागत नाहीत, स्वच्छ राहतात, वेचायचा वेळ वाचतो आणि कंबरही. जाळीचा खर्च एका कुटुंबाला जड वाटतो. तो ग्रामसभेने किंवा बचत गटाने उचलला, तर जाळ्या अनेक हंगाम वापरता येतात.

तेंदूची गोष्ट थोडी वेगळी. आग फिरली की तेंदूच्या मुळातून नवे फुटवे येतात आणि कोवळी, मोठी पाने मिळतात, हा अनुभव खरा आहे. म्हणूनच मे महिन्यातल्या तोडणीपूर्वी रान पेटवण्याचा मोह होतो. पण हंगामाआधी झुडपे जमिनीलगत छाटली तरी तसेच फुटवे येतात, आणि छाटणीने शेजारचे सागाचे, बिजाचे, आवळ्याचे रोप मरत नाही. पाने खरेदी करणाऱ्याशी करार करतानाच छाटणीची मजुरी त्यात लिहून घ्यावी, म्हणजे आगीचा फुकटचा पर्याय कुणाला आकर्षक वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडायचीच नाहीत असे ठरवले आणि आपला भर बांबूवर ठेवला. प्रत्येक गावाला हा मार्ग परवडेल असे नाही. पण जंगलाचे उत्पन्न स्वतःच्या हाती आल्यावर गाव आगीचा हिशोब कसा वेगळा मांडते, ते त्यातून दिसते.

सह्याद्रीच्या माळांवर आणि कुरणांत कारण गवताचे. जुने गवत जाळले की पावसात नवे जोमाने येते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जळलेल्या माळावर पहिले हिरवे कोंब ठळक दिसतात, त्यामुळे ती खरी वाटते. प्रत्यक्षात दरवर्षीच्या आगीत कुसळी गवत टिकून राहते आणि पसरते, कारण ते आग सोसणारे आहे. जनावरे आवडीने खातात ती मऊ गवते मागे पडतात. कुसळाची टोके शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत शिरतात, हे धनगरांना सांगायला नको. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावरची राख आणि तिच्याखालची माती पहिल्याच वळवात ओढ्याला लागते. गवत वाढवायचे असेल तर ते फुलोऱ्यानंतर कापून वैरण म्हणून साठवावे आणि कुरणाचा एक भाग आलटून-पालटून चराईसाठी बंद ठेवावा.

कोकणातली भाजावळ हा यातला सर्वांत नाजूक भाग. भाताचा तरवा ज्या वाफ्यात टाकायचा, त्यावर कवळ, शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून राब भाजतात. तण मरते, रोपे जोमदार येतात, आणि शेतकऱ्याला ते सोडून द्या म्हणणे सोपे नाही. ज्यांना जमेल त्यांनी गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत घालून रोपे करावीत. ज्यांना राब भाजायचाच आहे, त्यांनी तो उजाडताना पेटवावा आणि उन्हे तापण्यापूर्वी आटोपावा. राबाभोवती दहा फूट जमीन खरवडून मातीपर्यंत उघडी करावी. शेजारच्या बागवाल्याला आदल्या दिवशी सांगावे. पाण्याचे पिंप आणि धुऊन घेतलेला पाठीवरचा फवारणी पंप जवळ ठेवावा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, पेटवणाऱ्याने राख गार होईपर्यंत जागेवरून हलू नये. राब पेटवून न्याहारीला घरी जाणे, हीच सवय हापूसच्या आणि काजूच्या बागांच्या मुळावर येते. वारा सुटलेल्या दिवशी भाजावळ पुढे ढकलावी. एका दिवसाने तरव्याचे काही बिघडत नाही.

उरलेली कारणे छोटी, पण तितकीच घातक: विझवल्याशिवाय टाकलेली विडी, मध काढताना केलेला धूर, शिकारीसाठी लावलेला जाळ, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, उसाच्या पाचटाची बांध ओलांडणारी आग, सहलीला आलेल्यांची शेकोटी. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या किंवा झोळ पडलेल्या तारा यांतूनही ठिणग्या पडतात. अशा जागा जानेवारीतच पाहून ठेवाव्यात आणि वीज कंपनीला लेखी कळवाव्यात. तोंडी तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

कायदा इथे स्पष्ट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आणि कलम ३३ नुसार संरक्षित वनात आग लावणे गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० लागू होते. फार थोड्यांना माहीत असलेली तरतूद अशी की, राखीव वनात आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर शिक्षेशिवाय त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कही शासन काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या काडीची किंमत साऱ्या गावाने मोजावी, अशी ही तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ७९ ने वनात हक्क असलेल्यांवर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवायला मदत करण्याचे बंधन घातले आहे. दुसऱ्या बाजूला, वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. या अधिकाराचा वापर कागदावर न राहता डिसेंबरच्या ग्रामसभेत व्हावा.

त्या सभेत तीन-चार गोष्टी ठरल्या तरी पुरे. डोंगराच्या कोणत्या बाजूला कोण नजर ठेवणार याची पाळी लावावी. वनरक्षक, वनपाल, पोलीस पाटील, पाण्याचा टँकर आणि ट्रॅक्टर असलेले शेतकरी यांचे क्रमांक एका कागदावर लिहून ते देवळात, शाळेत आणि किराणा दुकानात लावावेत. देवळाच्या भोंग्यावरून किंवा घंटेने द्यायची वणव्याची खूण सर्वांना माहीत असावी. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आणि तातडीच्या मदतीचा ११२ पोरांनाही पाठ असावा. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून दिसणाऱ्या आगींच्या सूचना नोंदणी केलेल्या कुणाच्याही मोबाईलवर मोफत पाठवते. गावातल्या दोन-तीन तरुणांनी ही नोंदणी करून ठेवावी. पण भिस्त त्यावर ठेवू नये. उपग्रह ठरावीक वेळांनाच माथ्यावरून जातो, लहान आग त्याला दिसत नाही आणि सूचना हाती येईपर्यंत आग चढण ओलांडून गेलेली असू शकते. गुराख्याची नजर त्याच्या आधी पोचते.

जाळरेषेचे काम गवत पुरते वाळण्याच्या सुमारास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उरकावे. जाळरेषा म्हणजे आगीला खायला काही मिळणार नाही असा उघडा पट्टा. वनहद्दीतल्या रेषा वनखाते काढते आणि त्या जाळण्याचे काम त्याच्याच देखरेखीखाली व्हावे. गावाने आपल्या बाजूच्या रेषा शक्यतो न जाळता कापून काढाव्यात. रस्ता, ओढा, बैलगाडीची वाट यांचा आधार घेतला की निम्मे काम वाचते. बागेभोवती किमान दहा फूट, आणि उतारावर असेल तर खालच्या अंगाला त्याच्या दुप्पट रुंद पट्टा ठेवावा, कारण आग खालूनच येते. अनेक जण इथे एक चूक करतात: ग्रासकटरने गवत कापतात आणि तिथेच टाकतात. आडवे पडलेले सुके गवतही जळते. कापलेले उचलून नेल्याशिवाय रेषा पुरी होत नाही. झाडाच्या आळ्यात ओल टिकावी म्हणून घातलेल्या आच्छादनाचेही तेच. बागेच्या आतल्या झाडांना ते ठेवावे, कडेच्या दोन ओळींतून मात्र उन्हाळ्यापुरते काढून घ्यावे. रानमोडी आणि घाणेरी यांची बेटे सुकली की ज्वाळा उंच चढवतात, म्हणून पट्ट्यालगतची ही झुडपे मुळासकट काढावीत.

घराला आग बहुधा भिडत येत नाही, वाऱ्यावर उडून येते. जळके पान किंवा गवताची काडी दूरवर जाते आणि जिथे सुके काही सापडेल तिथे बसते. त्यामुळे कौलांच्या फटीत आणि पन्हळीत अडकलेला पाचोळा दर पंधरवड्याला काढावा. भाताच्या पेंढ्याची उडवी कोकणात परड्यात, गोठ्याला खेटून रचण्याची रीत आहे. विदर्भात तणसाचा ढीग असाच घरामागे असतो. जागा असेल तर हे ढीग घरापासून आणि एकमेकांपासून पन्नास फूट तरी दूर असावेत, आणि डोंगराकडच्या अंगाला तर कधीच नसावेत. सरपण, गोवऱ्या, पावसाळ्यासाठी आणून ठेवलेली विणलेली झापे यांनाही हाच नियम लागू. घराभोवती तीस फूट अंगण सारवलेले किंवा झाडून स्वच्छ असावे. जुन्या घरांची सारवलेली मोठी खळी या दृष्टीने फार शहाणपणाची होती. पडवीत पाण्याचे भरलेले पिंप, बादली, ओली करून वापरायची गोणपाटे आणि कौलांपर्यंत पोचणारी शिडी चार महिने एकाच जागी ठेवावी. घरातली कागदपत्रे म्हणजे सातबारा, आधार कार्ड, पासबुक, जनावरांच्या विम्याचे कागद एका पिशवीत घालून दाराजवळ असावेत.

वणवा दिसला की पहिले काम खबर देण्याचे. विझवायला धावणे त्यानंतर. कोणत्या बाजूला, कोणत्या खुणेजवळ, आग चढते आहे की उतरते आहे, वारा कुठून आहे, एवढे फोनवर सांगितले तर येणारी माणसे योग्य वाटेने येतात. विझवायला फक्त धडधाकट आणि रान ओळखणाऱ्यांनी जावे. मुले, म्हातारी माणसे, दमेकरी आणि गर्भवती यांनी गावात राहावे. अंगात पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, पायात बूट, डोक्याला सुती पंचा असावा. पॉलिस्टरचे कपडे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. तोंडावरच्या ओल्या फडक्याने राख अडते, विषारी वायू अडत नाहीत. त्यामुळे धुरात थांबण्याचा धीर त्याच्या भरवशावर करू नये.

उतारावरच्या आगीचा एक नियम जीव वाचवतो. चढण जसजशी तीव्र, तसतशी आग वेगाने धावते. साधारण दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग दुप्पट होतो, कारण वर झुकलेल्या ज्वाळा पुढचे गवत आधीच भाजून ठेवतात. माणसाचा वेग त्याच चढणीवर घटतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नये, आणि अरुंद घळीत शिरू नये. घळ धुराड्यासारखी ओढ घेते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरउतारावर गवताच्या आगीत सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदियाच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवणाऱ्या तीन हंगामी मजुरांचा मृत्यू झाला. ते रोजचेच काम करणारे, रान माहीत असलेले लोक होते. अनुभव असला तरी आगीला गृहीत धरता येत नाही.

आगीला मागून गाठावे. जळून काळ्या पडलेल्या जागेवर उभे राहून, रस्ता किंवा ओढ्यापासून सुरुवात करून, दोन्ही कडांनी पुढे सरकत तोंडाकडे जावे. हिरव्या पानांचे डहाळे किंवा ओले गोणपाट ज्वाळेच्या मुळाशी दाबावे. डोक्यावरून उगारून जोराने आपटले तर ठिणग्या पुढच्या गवतात उडतात. कमरेइतक्या ज्वाळा असतील तर डहाळ्याने भागत नाही. मागे सरून पुढच्या एखाद्या वाटेवर पट्टा साफ करणे शहाणपणाचे. वनखात्याकडे पाला उडवणारी ब्लोअर यंत्रे असतात, त्यांनी असा पट्टा झपाट्याने मोकळा होतो. समोरून उलट आग लावून वणवा खाऊ घालण्याची युक्ती गावकऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. वारा फिरला तर ती दोन वणवे करते, आणि मधे कोण आहे हे कुणाला कळत नाही.

प्रत्येक टोळीत एक जण उंच, मोकळ्या जागी राहून फक्त वारा आणि आग पाहणारा हवा. त्याने शीळ घातली की हातचे टाकून ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचे, यावर चर्चा नाही. बाहेर पडायची वाट आणि थांबायची जागा, म्हणजे जळून गेलेला माळ, नांगरलेले शेत, नदीचे पात्र किंवा कातळाचा सडा, आत शिरण्यापूर्वीच ठरवलेली असावी. वाट तुटलीच, तर ज्वाळा सर्वांत ठेंगण्या आहेत तिथून जळलेल्या बाजूला पार व्हावे किंवा उघड्या मातीवर पालथे पडून चेहरा झाकावा. दुपारी आवरत नसलेली आग पहाटे दवात आणि पडलेल्या वाऱ्यात बरीच मऊ होते. जीव धोक्यात घालण्यापेक्षा पट्टा धरून पहाटेची वाट पाहणे अनेकदा बरे ठरते.

आग वस्तीकडे वळली तर गोठा सर्वांत आधी उघडावा. दावी सोडायला वेळ नसेल तर ती कोयत्याने कापावीत. जनावरे ओळखीच्या गोठ्यात परत घुसतात, म्हणून त्यांना हाकून मोकळ्या शेतात न्यावे आणि गोठ्याचे दार लावून घ्यावे. गॅसची टाकी बंद करून घरापासून दूर उघड्यावर ठेवावी.

भाजलेल्या माणसाच्या जखमेवर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहू द्यावे. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप यांतले काहीही लावू नये. ते नंतर खरवडून काढताना जखम चिघळते. बांगड्या, अंगठ्या, कमरेचा करगोटा सूज येण्यापूर्वी काढावा, चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. स्वच्छ सुती कापडाने झाकून १०८ बोलवावी. चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे, कारण श्वासनलिका आतून सुजत असते. उन्हात आणि धगीत काम केलेल्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे. गोंधळल्यासारखे बोलणारा किंवा घाम थांबलेला माणूस सावलीत नेऊन त्याचे अंग भिजवावे आणि त्यालाही दवाखान्यात न्यावे.

विझलेला वणवा दोन दिवस राखावा लागतो. वठलेले ओंडके, शेणाचे पोह आणि मुळे आतल्या आत धुमसत राहतात आणि दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटतात. हाताची मागची बाजू खोडाजवळ नेली की धग कळते. धग लागली तर तिथे माती उकरून पाणी घालावे. पायथा जळालेल्या झाडाखाली उभे राहू नये, ते न सांगता कोसळते.

बागेचे, गोठ्याचे, वैरणीचे नुकसान झाले असेल तर जागा साफ करण्यापूर्वी फोटो काढावेत आणि तलाठी, कृषी सहायक व वनरक्षक यांना लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. पंचनाम्यात झाडांची संख्या, जात आणि वय लिहिले जाते की नाही, ते स्वतः पाहावे. सातबाऱ्यावर बाग आणि झाडांची नोंदच नसेल तर दावा तिथेच अडतो. ई-पीक पाहणीत ती नोंद दर वर्षी करून ठेवणे हाच त्यावर उपाय. आग कुठून आली याबद्दल संशय असेल तर पोलीस ठाण्यात किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

जळलेल्या उतारावर मृगाच्या आधी जळक्या फांद्या आणि दगड समतल रेषेत आडवे रचले, तर पहिल्या पावसात माती धरून राहते. त्या उतारावर किमान एक पावसाळा गुरे सोडू नयेत. होरपळलेली आंबा-काजूची झाडे घाईने तोडू नयेत. खोडाची साल नखाने थोडी खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. त्याच्या मेलेल्या फांद्या पावसाळ्यात फूट दिसू लागल्यावर छाटाव्यात आणि कापावर बोर्डोपेस्ट लावावी.